कब्ज

मला पहिल्यापासून त्या प्रोजेक्टात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या ऑफिसात आम्ही एका इस्लामिक बँकेसाठी ब्लॉकचेनवर सिस्टीम बांधत होतो. गाडीसाठी कर्ज, पण कर्ज म्हणायचं नाही. व्याज निषिद्ध, म्हणून बँक आधी स्वतः गाडी घेणार आणि मग नफा लावून गिऱ्हाइकाला हप्त्यांवर विकणार. म्हणजे व्याजच, फक्त वेगळा सदरा घातलेलं, असं म्हणून मी मोकळा झालो होतो.

हे सगळं धर्माच्या नियमात बसतं की नाही ते तपासायला बँकेचे मुफ्ती इल्फर्डहून कॉलवर यायचे. त्या दिवशी म्हणाले, "देअर इज नो कब्ज हिअर." आमचा लीड नागपूरचा. त्याने म्यूट केलं आणि मला म्हणाला, "पोट साफ आहे म्हणतात, चांगलंच झालं ना बे." आम्ही पोट धरून हसलो. मला तर वाटलं, फी वाढवायला काहीतरी खुसपट काढतायत.

कॉल संपल्यावर ट्यूब पेटली. कब्ज म्हणजे आपला कब्जा, सातबाऱ्यावरचा. गाडी ताब्यात आल्याशिवाय बँकेने ती विकायची नाही, एवढंच ते सांगत होते. मी टेस्ट पुन्हा चालवली. आमच्या कोडात विक्री आधी नोंदली जात होती, खरेदी नंतर. म्हातारा बरोबर निघाला, याचाच मला राग आला.

लीडला दाखवलं. तो म्हणाला, "कोड बदलला तर गो-लाइव्ह लांबतं. खरेदीची वेळ आपण मागची टाकू."

"ब्लॉकचेनवर एकदा चढलेली नोंद बदलता येत नाही, असं तूच सांगितलंस ना बँकेला?"

"बदलायची कुठे आहे? चढवतानाच तशी चढवायची. मग ती कायमची खरी." मग त्याने विचारलं, "तुझं व्हिसाचं एक्स्टेंशन याच प्रोजेक्टवर टाकलंय ना?"

पोरीला पिनरच्या शाळेत नुकतीच जागा मिळाली होती. डोकं सणकलं. जागेवर येऊन टेस्टपुढे 'फेल' लिहिलं आणि मुफ्तींना मेल टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीड माझ्या टेबलाशी आला. "व्हिसाचं एचआरशी तुम्हीच बोलून घ्या," म्हणाला.

तो मला 'तुम्ही' म्हणाला, आणि घरी काय सांगायचं ते मला कळलं.