अप्पांचे वायसर

आमच्या घाटकोपरच्या चाळीसमोर राहणाऱ्या अप्पांच्या चपलांना टाचेशी रुपयाएवढी गोल भोकं असत. त्या भोकांतलं चामडं त्यांच्या गाडीत जाई. कुठलासा साहेब मायदेशी जाताना मागे टाकून गेलेली ती डिझेलची गाडी अप्पा शेंगदाण्याच्या तेलावर चालवीत. मेव्हण्याची तेलाची घाणी होती. तिथलं विकण्याच्या लायकीचं न उरलेलं खवट तेल जुन्या धोतरातून गाळून टाकीत ओतायचं. या तेलाने नळ्यांच्या सांध्यांत बसवलेले रबराचे वायसर फुगून मऊ पडत आणि सांधे गळू लागत. चामड्याचा वायसर मात्र तेल पिऊन आणखी घट्ट बसे. शोध अप्पांचा स्वतःचा, आणि चपलांवरून काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, बोलणी खायची तीही त्यांनीच.

गाडी गेली की गल्लीत भजी तळल्याचा वास सुटे. "आमची गाडी एकादशीलासुद्धा चालते," असं अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. रस्त्यावरच्या तेलाच्या डागाकडे कोणी बोट दाखवलं तर म्हणायचे, "गळतंय ना? म्हणजे टाकीत आहे. गळायचं थांबलं की काळजी करायची."

गळती नेमकी कुठे आहे ते शोधायची त्यांची रीत न्यारी होती. काकूंच्या डब्यातली तांदळाची पिठी चिमटीने नळ्यांवर भुरभुरायची, पंपाची दांडी हलवायची आणि पीठ कुठे भिजतंय ते बघायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा "पोर सासरी माझ्याच गाडीतून जाणार" असं अप्पांनी परस्पर जाहीर करून टाकलं. सासर दहिसरचं. नवरदेव, म्हणजे आमचे हे, बँकेत कारकून. पाहायला आले तेव्हाही हूं की चूं केलं नव्हतं. लग्नात माझ्या धाकट्या बहिणीने, लीलाने, यांचे नवे बूट लपवले आणि शेवटपर्यंत दिले नाहीत. बिचारे मामेभावाच्या चपला घालून मुकाट्याने गाडीत बसले. पाठराखीण म्हणून लीलाही बसली. असल्या घुम्या माणसाबरोबर जन्म कसा काढायचा, याच विचारात मी होते.

मालाड सोडलं आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. अप्पांनी बॉनेट उघडलं, पिठी भुरभुरली.

"हे बघ बाय, इथे घावन झालंय."

वायसर फाटला होता, आणि लग्नासाठी म्हणून अप्पा नेमके कॅनव्हासचे बूट घालून आले होते. मी माझी वहाण पुढे केली.

"नवरीच्या वहाणेक सुरी लावू? काकू मग घरात घेतली काय माका?" असं आपल्या मालवणीत म्हणत ते डिकीकडे गेले. तेलाच्या डब्यांमागून एक बूट हाती लागला. आपलंच कुठलंतरी जुनं पायताण समजून, चष्मा न लावताच त्यांनी त्याची नाडीखालची जीभ कापली. लीलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"चामडं झकास आहे हां," अप्पा म्हणाले.

हे खाली उतरले, बूट हातात घेऊन पाहिला. "माझा आहे."

अप्पांची सुरी हवेतच राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता हा माणूस कसा निघतो ते कळणार होतं.

"दुसऱ्याचीही काढून ठेवा," हे म्हणाले. "तुम्हाला परत घाटकोपरला जायचंय ना?" आणि कोटाच्या बाह्या सारून अप्पांच्या शेजारी नळी धरायला उभे राहिले.

दहिसरला मी माप ओलांडायला दारात उभी राहिले, तेव्हा सासूबाईंचं लक्ष यांच्या पायांकडे गेलं.

"अरे, तुझे नवे बूट कुठे?"

"गाडीत," हे म्हणाले.

मला इतकं हसू फुटलं की मापाला पाय भलताच जोरात लागला आणि तांदूळ थेट माजघरापर्यंत गेले. फाटकापाशी अप्पा पाठ फिरवून उभे होते, पण त्यांचे खांदे गदगदत होते.

अप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की आम्ही दोघं अजून हसतो. आमचं लग्न भटजींनी लावलं. यांना बोलतं केलं ते मात्र अप्पांनी, तेही जीभ कापून.