भाचीला झाडू मारायला कसं सांगायचं

हुबळीच्या दुर्गदबैलजवळ दत्तात्रेय महेंद्रकरांचं साड्यांचं दुकान आहे. सगळे त्यांना दत्तण्णा म्हणतात. गिऱ्हाईक नसलं की ते समोरच्या आरशात बघत बसतात, आणि आरशातला माणूसही कधी काही काम करताना दिसत नाही. काम त्यांच्या बायकोचं. साड्या दाखवणं, घड्या घालणं, सकाळी झाडणं, सगळं कृष्णाबाई करतात.

यंदा त्यांची मुलगी नेत्रा पुण्यात बाळंत होणार होती. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं, तेव्हा आईनंच जायचं ठरलं. गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलं.

"त्याच्या आत माणूस ठेवा," कृष्णाबाई म्हणाल्या. "दुकान नुसतं तुमच्यावर टाकून मी जाणार नाही."

दत्तण्णांनी दारावर पाटी लावली आणि सोमवारी मुलाखती घ्यायला बसले. मुलाखत म्हणजे समोरचा माणूस कुणाचा ते शोधून काढणं, अशी त्यांची समजूत होती.

पहिली आली उणकलची शीतल.

"उणकलला कुणाकडं?"

"घर आहे आमचं, अण्णा."

"मूळचे?"

"आजी निपाणीची."

दत्तण्णा पुढं सरकले. कुठल्या गल्लीतली, भाऊ किती, थोरल्याला दिलेली कुठली. मग फोन काढून त्यांनी निपाणीच्या मावशीला गाठलं. पाऊण तास नुसतं कानडीत "हौद, हौद", म्हणजे हो, हो, चाललं होतं. बोलता बोलता ते रस्त्यावर गेले, चहाच्या गाड्यापर्यंत जाऊन परत आले.

"अगं, मी तुझा मामा लागतो."

शीतलनं वाकून नमस्कार केला. भाची पहिल्यांदा दुकानात आली म्हणून तिला चहा मिळाला, ब्लाऊजपीस मिळाला, आणि तिला रिक्षात बसवून दत्तण्णा परत आले.

"कधीपासून येणार?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"येणार कशी? नात्यातली निघाली. भाचीला झाडू मारायला कसं सांगायचं?"

मंगळवारी रायापूरचा श्रीहर्ष आला. त्याला त्यांनी आजोबांनी दुकान कसं काढलं इथपासून सांगायला घेतलं. जेवणाची वेळ टळून गेली.

"पोरगा फार हुशार," ते नंतर म्हणाले.

"काय म्हणाला?"

दत्तण्णांनी आठवून पाहिलं. तो काहीच म्हणाला नव्हता. फक्त उठताना बसची वेळ विचारली होती. पुन्हा आला नाही.

बुधवारी मळमड्डीची वैशाली आली. दोन साडीच्या दुकानांत तिनं काम केलेलं. दत्तण्णांनी बाजू बदलून बदलून विचारलं, पण नातं काही सापडेना. त्यांचा चेहरा पडला.

"बाई चांगली आहे," ते म्हणाले. "पण ओळख ना पाळख. अशा माणसाच्या हातात दुकान कसं द्यायचं?"

कृष्णाबाईंनी हातातली साडी खाली ठेवली.

"म्हणजे ओळखीचं पाहिजे, पण नात्यातलं नको."

"बरोबर."

"झाडू मारायला सांगता येत नाही म्हणून."

"आता समजलं तुला."

"आणि मी कोण? अठ्ठावीस वर्षं झाडतेय."

दत्तण्णांनी आरशाकडे बघितलं. तिथूनही मदत मिळण्यासारखी नव्हती.

"सोमवारी तुम्ही मावशीशी बोलत रस्त्यावर हिंडत होता," कृष्णाबाई म्हणाल्या, "तेव्हा ती शीतल काय करत होती, बघितलंत?"

"बसली असेल."

"धारवाडच्या बायकांनी सतरा साड्यांच्या घड्या मोडून ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नाही, हिनं सगळ्यांच्या घड्या घातल्या. काठ बाहेर येतील अशा. तुम्हाला अजून जमत नाही तशा. तिला बोलवा, नाहीतर मी तिकीट रद्द करते."

"पण झाडू..."

"त्याचं तुम्ही बघा."

शीतल दुसऱ्याच दिवशी आली, आणि कृष्णाबाई गाडीत बसल्या.

शुक्रवारी सकाळी पुण्याहून फोन आला. पडद्यावर नेत्रा होती, तिच्या खांद्यामागून कृष्णाबाई डोकावत होत्या. इकडे शीतल एका गिऱ्हाइकापुढे इरकल उलगडत होती. तिच्या मागं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दत्तण्णा झाडू मारत होते.

"अप्पा, हे काय?" नेत्रा हसायला लागली.

"भाची आहे ती," दत्तण्णा धापा टाकत म्हणाले.

कृष्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं.

"आरशाखाली राहिलंय," त्या म्हणाल्या.