तानीच्या छातीतला नाद

माझ्या मुलीच्या छातीतल्या दुखण्याला मी अनाहत नाद समजलो आणि गाव गोळा करून तो ऐकवला.

कोरेगावजवळच्या आमच्या गावात मी भजनाला पखवाज वाजवायचो. त्यामुळे आवाजातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत. नऊ वर्षांची तानी नुकतीच तापातून उठली होती. एकदा तिच्या छातीला माझा कान लागला, तर ठोक्यामागून घुमल्यासारखा 'हूऽस' असा स्वर. आघाताशिवाय उमटणारा नाद थोर योग्यांनाच ऐकू येतो, असं कीर्तनात ऐकलं होतं. आमच्याकडे तो आपल्या पायांनी चालत आला, असं मला वाटलं. मग काय, एकादशीला तानीला देवळात बसवलं. भजनकरी एकेक करून कान लावत आणि हात जोडत. पोर मध्येच डोळे मिटून डोलायची. मी म्हणायचो, समाधी लागली.

बायको म्हणायची, "आवं, धाप लागतीया तिला. कळशी उचलंना झालीया."

"तुला त्यातलं कळत न्हाई," मी म्हणालो.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. विट्याकडे निघालेली अशीच एक मोटार त्या एकादशीला आमच्या देवळासमोर बंद पडली. उतारू सावलीला आले. त्यांत रजेवर निघालेले पलटणीतले एक डॉक्टर होते. गर्दी बघून तेही हसत रांगेत बसले. त्यांनी कान लावला आणि त्यांचं हसू गेलं. बॅगेतली नळी काढून त्यांनी छाती, पाठ नीट ऐकली.

"ताप आला तेव्हा सांधे दुखत होते?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "व्हय. आज गुडघा, उद्या मनगट. आता पाय सुजत्यात. उताणी निजली की दम कोंडतोय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "असा आवाज पुष्कळ पोरांच्या छातीत असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. पण सोबत धाप असली, सूज असली, सांध्यांचा ताप येऊन गेला असला, तर थांबायचं नसतं. हिच्या हृदयाची झडप बिघडलीय. सकाळच्या गाडीनं मिरजेला न्या. उशीर केलात तर पोर हाती लागणार नाही."

मी रांग मोडली आणि तानीला उचलून घरी नेलं.

मिरजेच्या दवाखान्यात तानी कित्येक महिने खाटेवर पडून होती. उठायचं नाही, बसायचं नाही. औषध देणारे देत होते. मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी गप्प बसलो. तिच्या श्वासाकडे बघत मनात म्हणायचो, देवा, नाद नको, मोठेपणा नको, एवढा पुढचा श्वास येऊ दे. तो यायचा. पुन्हा मागायचो, पुन्हा यायचा. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं न मागता मिळत होती, आणि मी स्वर जुळवायला पखवाजाला कणीक लावत बसलो होतो. हळूहळू सूज उतरली. छातीतला आवाज राहिला, पण पोर घरी आली.

ती मोटार रोज कुठे ना कुठे बंद पडायची, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती आमच्या देवळासमोर थांबली आणि आत नेमका तो माणूस होता. आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मी तर काही मागितलंही नव्हतं, नुसता मिरवत होतो. तेव्हापासून माझं शहाणपण मी देवाच्या पायाशी ठेवलंय.

हे सगळं मी एकदा देवळात सांगितलं. माणसं गहिवरली. बायांच्या घोळक्यातून बायको म्हणाली, "देव तरी काय करंल? मी घसा फोडून सांगत हुते ते ह्यास्नी ऐकू येईना, तवा त्याला मोटार बंद पाडावी लागली."