आई बाकावर बसून राहायची

माझी आई जवळजवळ वर्षभर प्रभुभोजनाला उठली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब मेजावरचा पांढरा कपडा बाजूला करायचे, एकेक बाक रिकामा होत जायचा, माणसं वेदीपाशी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घेऊन परतायची. मागे उरायचो आम्ही दृढीकरण न झालेली, म्हणजे बिशपसाहेबांनी अजून चर्चचे पक्के सभासद करून न घेतलेली पोरं, आणि पोरांच्या मधोमध डोक्यावर पदर घेतलेली माझी आई. मला इतकी लाज वाटायची की मी गायनांचं पुस्तक तोंडासमोर धरायची.

कारण साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. शेजारची मावशी आणि आई मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेल्या मैत्रिणी. माझा थोरला भाऊ तेव्हा सातपूरला कारखान्यात नुकताच लागला होता आणि त्याचं लग्न ठरत आलं होतं. एका संध्याकाळी तो नाशिकच्या द्वारका चौकात सायकलवरून आपटला आणि लोकांनी त्याला धरून कडेला बसवला. मावशीने ते लांबून पाहिलं आणि महिला मंडळात सांगितलं की पोरगा पिऊन पडला होता. बातमी मुलीकडच्यांपर्यंत पोचली आणि सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी आईने भर नळावर मावशीला सुनावलं, "तुझ्या घरातही असंच वाटोळं होऊ दे, मग कळेल तुला!" मावशीची लेकही लग्नाची होती. बायकांच्या हातातल्या कळशा हातातच राहिल्या.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, आणि आईचं प्रभुभोजनही बंद. मनात वैर ठेवून प्रभूच्या मेजापाशी जायचं नाही, अशी आमच्यात शिकवण.

आता आमच्या चर्चच्या मंडळीत भांडणांचा काही तुटवडा नव्हता. एका जागेपायी कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ वेदीपाशी खांद्याला खांदा लावून गुडघे टेकायचे आणि बाहेर येऊन सायकली काढताना पुन्हा एकमेकांची उणीदुणी काढायचे. मावशीचा तर बाक पहिला, आणि तिचं 'आमेन' असं खणखणीत की छपरातली कबुतरं उडावीत. यांतल्या कुणाचाही घास कधी घशात अडकला नाही. अडकला तो फक्त आमच्या आईचा.

वडील चर्चचे पंच होते, त्यांची पंचाईत व्हायची. ते म्हणायचे, "अगं, जाऊन गुडघे टेकून ये ना. तुला कोण विचारतंय?"

"ज्याच्यापुढं टेकायचे, तोच विचारतोय," आई म्हणायची आणि भाजी चिरायला बसायची.

मग माझं दृढीकरण आलं. पांढरा झगा शिवून झाला. आमच्याकडे पहिल्या प्रभुभोजनाला आईवडील मुलाच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकतात. माझी एक बाजू रिकामी राहणार, हे सगळी नाशिक मंडळी बघणार, या विचाराने मला रडू फुटलं. मी आईला म्हटलं, "माझ्यासाठी एक दिवस चल. बाकी नंतर काय करायचं ते कर."

"तुझ्या पहिल्याच दिवशी मी देवापुढं नाटक करू?" ती म्हणाली. मी जेवले नाही. ती मला समजवायलाही आली नाही, असा राग आला होता मला तिचा!

शनिवारी दुपारी ती माझ्या झग्याला इस्त्री करत होती. कॉलरपर्यंत आली आणि थांबली. इस्त्री उभी केली, पायात चपला घातल्या आणि तडक शेजारी गेली. मी मागोमाग. मावशी दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

आई उभ्या उभ्याच म्हणाली, "तू माझ्या पोराबद्दल बोललीस, ते तुझं तू बघ. मला अजून राग आहे, खोटं नाही सांगणार. पण मी नळावर तुझ्या घराचं वाईट चिंतलं. ते माझे शब्द. ते परत न्यायला आलेय. तुझ्या लेकीचं चांगलं होऊ दे."

मावशी सूप हलवत राहिली. "झालं बोलून?" एवढंच म्हणाली.

"झालं," आई म्हणाली आणि घरी येऊन तिने उरलेल्या कॉलरला इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी बिशपसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मेजावरचा कपडा निघाला, आणि आई उठली. माझ्या डाव्या बाजूला तिने गुडघे टेकले तेव्हा तिच्या कोपराचा धक्का मला लागला, तो मला आजही आठवतो. भाकर हातावर पडली. एवढी मान ताठ करून मी त्या चर्चमध्ये कधी चालले नव्हते.

परत फिरलो तर पहिल्या बाकावर मावशी बसून होती. उठलीच नव्हती. पदर तोंडावर ओढलेला, आणि सूप हलवणारे ते हात मांडीवर निमूट पडलेले. मागच्या बाकांवर पुन्हा कुजबुज सुरू झाली, या वेळी तिच्याबद्दल.

वडील आमच्या जागेकडे वळले. आई वळली नाही. ती पहिल्या बाकात शिरली, मावशीला जरा सरकायची खूण केली आणि तिच्या शेजारी बसली. एकटं बसून राहणं काय असतं, ते त्या चर्चमध्ये तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा तिने आपलं पुस्तक दोघींच्या मधे धरलं.

तुम्ही प्रभूच्या विश्वासात केव्हा आलात, असं मला मंडळीत कुणी विचारलं की लोकांना माझ्या दृढीकरणाची तारीख हवी असते. मी सांगते, माझी आई वर्षभर त्या बाकावर बसून होती, तेव्हा.