भट्टीची राखण

ताईचा जीव प्रयोगशाळेतल्या त्या भट्टीत अडकला होता. गंधक घालून केलेली खास काच तिने द्रावकात विरघळवली होती, ते द्रावण फिरत्या चकतीवर ठेवलेल्या साध्या काचपट्टीवर टाकून पातळ थर केला होता, आणि आता तो बंद भट्टीत हळूहळू तापत होता. मागच्या वेळी तिला राहवलं नाही. तिने मध्येच दार उघडलं आणि थराला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. आता द्रावण संपलं होतं. हाही थर गेला तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. म्हणून तिने टेम्पो चालवणाऱ्या भावाला बोलावून भट्टीपुढे बसवलं.

"इथे मासळी सडलीय का गं?" त्याने नाक दाबलं.

"द्रावकाचा वास आहे तो. सरक, जरा बघते."

"हात लावलास तर याद राख. आईला सांगेन."

"अरे, मोठी आहे मी तुझ्यापेक्षा!"

"असशील. बस खाली."

भट्टी पार गार होईपर्यंत तो जागचा हलला नाही. मग ताईने काचपट्टी बाहेर काढून उजेडात धरली. थर पिवळाधमक होता, भेग एकही नव्हती.

"एवढ्याशा पिवळ्या डागासाठी मला राखणीला बसवलंस?" तो म्हणाला. पण नाक दाबायचं विसरून तोही त्यातून आरपार बघत होता.