फॉर्मताईंची गिऱ्हाइकी

फॉर्मताईंच्या घरात दुरुस्तीला न गेलेली वस्तू शोधून सापडली नसती. चपलेला चौदा वेळा टाके पडलेले, छत्रीच्या काड्या तीनदा बदललेल्या, आणि कपाटाच्या बिजागऱ्या तर इतक्यांदा वेल्डिंगला गेल्या की नवरा म्हणायचा, "एकदा ते कपाटच तिकडे नेऊन ठेव, कपडे आपण तिथे जाऊन बदलू." घरात माणसं दोन आणि बेकरीतून रोज चार पाव! कुणाला वाटेल, बाई उधळी आहे. उधळी कसली? बाई नोकरी करत होती.

नोकरी सरकारी, पण कंत्राटी. लहान धंदेवाल्यांसाठी सरकारने गावात एक माहिती केंद्र उघडलं होतं. एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. नवी योजना कोणती, परवाना कुठला लागतो, कुठल्या कामाची निविदा निघाली, अर्ज कसा भरायचा, हे सगळं तिथे फुकट सांगायचं, आणि सांगायला फॉर्मताई. आता फुकट म्हटल्यावर झुंबड उडायला हवी की नाही? पण तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. कारण केंद्राच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की, चहाच्या टपरीचं बाकडं होतं आणि त्यावर सकाळपासून चार टाळकी बसलेली असायची. पहिल्याच महिन्यात एक शिंपी बिचारा काहीतरी विचारायला आत गेला. संध्याकाळपर्यंत त्याने मशिनी विकायला काढल्याची बातमी गावभर! त्यानंतर कोण जातंय मरायला?

मग ताईंनीच ठरवलं, लोक येत नाहीत तर आपण जायचं, आणि जायचं ते गिऱ्हाईक म्हणून. चपलेला टाके घालून होईपर्यंत चपला शिवणाऱ्याचा परवान्याचा अर्ज भरून व्हायचा. पाव बांधून होईपर्यंत बेकरीवाल्याला नव्या भट्टीची योजना समजावून व्हायची. बघणाऱ्याला काय, गिऱ्हाईक घासाघीस करतंय! प्रत्येकाला ताईंनी शब्द दिला होता, "माझ्या तोंडून तुमचं नाव बाहेर जाणार नाही." कुणाचं काय काम चाललंय ते विसरू नये म्हणून त्या एका वहीत लिहून ठेवत, आणि ती वही पिशवीतून कधी बाहेर काढून ठेवत नसत.

एवढा खटाटोप कशाला, असं नवऱ्याने एकदाच विचारलं होतं. विचारायलाच नको होतं, कारण उत्तर त्यालाही माहीत होतं. पूर्वी ताईंचा स्वतःचा शिवणाचा कारखाना होता. चार मशिनी, चार बायका. शाळेच्या गणवेशाचं काम लहान कारखान्यांनाच द्यायचं असं ठरलं, त्याची नोटीस लांबच्या कचेरीच्या भिंतीवर लागली आणि ताईंना कळली ती मुदत संपल्यावर आठ दिवसांनी. त्याच वर्षी कारखान्याला कुलूप लागलं. "मी नालायक ठरले असते तर सोसलं असतं," ताई म्हणायच्या, "पण मला नुसतं कळलं नाही म्हणून बुडाले." तेव्हापासून आपल्या आसपास कुणाला काही उशिरा कळू द्यायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सहा वर्षं असं चाललं. मग वरून पत्र आलं. तीन महिन्यांत साठ माणसांनी केंद्रात येऊन सही केलेली नसेल तर केंद्र बंद. ताईंच्या रजिस्टरात सह्या होत्या नऊ, त्यातल्या दोन नवऱ्याच्या.

"त्यात काय!" नवरा म्हणाला. "उरलेल्याही मीच करतो. डाव्या हाताने, उजव्या हाताने, हव्या तशा."

"खबरदार पेनाला हात लावशील तर," ताई म्हणाल्या.

त्या दारोदार फिरल्या. एकदा, फक्त एकदा समोरून या आणि सही करा. सगळ्यांच्या तोंडात साखर! ताई, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते करू, पण तेवढं सोडून बोला. सगळ्यात जास्त भडकला तो वेल्डिंगवाला तोफ. तोफ हे त्याचं टोपणनाव. माणूस बोलायला लागला की गावाच्या कानठळ्या बसत. चाळीस शाळांची फाटकं बनवायचं काम त्याला मिळालं होतं, आणि मोठे साहेब स्वतः घरी येऊन हात जोडून काम देऊन गेले, असं तो दिसेल त्याला सांगत सुटला होता.

"माझं नाव निघालं ना ताई," तो वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारत म्हणाला, "तर मला या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही निघणार, दादा," ताई म्हणाल्या, आणि बिजागरी घेऊन घरी आल्या.

तीन महिने सरले, आणि तपासणीच्या दिवशी तोफ सकाळीच बाकड्यावर येऊन बसला. शब्दावर विश्वास होता, पण जिवाला घोर होताच. वरच्या कचेरीतले साहेब आले, त्यांनी रजिस्टर उघडलं. दार सताड उघडं होतं आणि साहेबांचा आवाजही काही बारीक नव्हता.

"नऊ? बाई, सहा वर्षं करता काय तुम्ही?"

ताईंनी सगळं सांगितलं. गिऱ्हाईक होऊन कशा फिरतात, पिशवीत वही आहे, गेल्या तीन महिन्यांत सत्तर माणसांची कामं केली आहेत. साहेब माणूस वाईट नव्हते. ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "मग अडलंय कुठे? द्या ती वही. नावं उतरवून घेतो, यादी फलकावर लावतो, केंद्र वाचलं."

ताईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"वही नाही मिळणार, साहेब."

"अहो, मग मला कुलूप लावावं लागेल."

"लावा," ताई म्हणाल्या. पिशवीवरचा हात हलला नाही. "मी त्यांना शब्द दिलाय. खोली गेली तरी मी फिरेन. शब्द गेला तर मला दारात कोण उभं करील?"

बाकड्यावर तोफेचा चेहरा शरमेने लाल झाला. आपण चार लोकांत मिरवावं म्हणून ही बाई स्वतःची नोकरी घालवायला बसली आहे! तो ताडकन उठला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या दाराने आत शिरला.

"लिहा साहेब, माझं नाव लिहा. फाटकांच्या कामाला माझ्या घरी कुणी साहेब-बिहेब आलेला नव्हता. माझा अर्ज दोनदा परत आला होता. तिसरा या ताईंनी भरला, माझ्या दुकानात, ठिणग्या उडत असताना."

टपरीवर पाव द्यायला आलेला बेकरीवाला बाहेर फिसकन हसला. तोफ गर्रकन वळला. "हसतोस काय रे? दोन माणसांच्या घरात रोज चार पाव कशाला जातात ते मला आत्ता कळलं!"

बेकरीवाल्याचं हसू मावळलं. तो थोडा वेळ चपलेने माती उकरत राहिला, आणि मग मुकाट्याने येऊन तोफेच्या मागे उभा राहिला. दुपारपर्यंत शिंपी आला, छत्रीवाला आला, चपला शिवणारा दुकान उघडं टाकून आला. नव्या सह्या झाल्या एकतीस.

"एकतीस म्हणजे साठ नव्हेत," साहेब म्हणाले.

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "पण हे एकतीस आज एका दिवसात आले. तीन महिन्यांची मुदत द्या."

साहेबांनी पेन हातात धरून बराच विचार केला. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात मुदत लिहिली, सही ठोकली आणि ते गेले. मग मात्र ताईंना आवरेना. त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

तोफ अजून तिथेच होता. रडणाऱ्या बाईपुढे काय करावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने समोरची खुर्ची ओढली, ऐसपैस बसला, खिशातून सरकारी शिक्क्याचा घडी केलेला कागद काढून टेबलावर पसरला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. जरा नीट समजावून सांगा."