बॅजरच्या केसांचे तीन ब्रश

बॅजर नावाचं जनावर मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण त्याच्या केसांचे दाढीचे तीन ब्रश माझ्या बेसिनवरच्या फळीवर आहेत. तिन्ही मुलानं परदेशातून पाठवलेले. त्याआधी महाल भागातल्या दुकानातून आणलेल्या नायलॉनच्या ब्रशवर माझी सगळी नोकरी निघाली आणि गालांनी कधी तक्रार केली नाही.

पहिला आला तो 'प्युअर', म्हणजे सगळ्यात खालच्या प्रतीचा. काळा, राठ. ओला केला तर असा वास मारला की विचारू नका. ही असती तर तिनं ब्रशसकट मला अंगणात काढलं असतं. मी आपला तो रिठ्याच्या पाण्यात चांगला उकळला आणि गच्चीवर टाकला. वास मारणाऱ्या कुठल्याही वस्तूला आमच्या नागपुरात मे महिन्याचं ऊन हाच इलाज, मग ती गादी असो की बरणी. संध्याकाळी उचलला तर चिमूटभर केस हातात!

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा हे सांगितलं. एरवी आमचा फोन म्हणजे 'जेवले का', 'हो', 'गोळी घेतली का', 'घेतली', संपलं. त्या दिवशी तो खो खो हसला. "बाबा, उन्हात काहून टाकला? सावलीत टांगायचा असते तो!" त्याची आई गेल्यापासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. ती गेली तेव्हा त्याला येता आलं नाही. दहाव्याला घाटावर न्हाव्यापुढे मुलानं बसायचं, तिथं मी बसलो. मला राग होता, खोटं कशाला बोलू. पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मग त्यानं त्याच्या वरच्या प्रतीचा, 'बेस्ट' पाठवला. रंगानं फिका, केस लांब आणि मऊ. फेस भराभर होतो, पण साबणाची वडी कडक असली की प्युअरच बरा, तो खरवडून काढतो. हे सगळं मी दर रविवारी फोनवर अर्धा अर्धा तास सांगायचो. सोमवारी-शनिवारी दाढी करायची नाही ही आमच्या घरची रीत. तीही मोडली, कारण तुलनेला दिवस कमी पडायला लागले. बाकी आठवडाभर घरात आवाज म्हणाल तर कुकरचा.

शेवटी 'सिल्व्हरटिप' आला. टोकं पांढरी, पाणी धरून ठेवणारा, गालावर फिरवला की साय लावल्यासारखं वाटतं. पण याच्या वरचा ब्रश नसतो, हे त्यानंच सांगितलं होतं. आवडला म्हणालो की विषय संपला, पुन्हा आपलं 'जेवले का'.

रविवारी मी म्हणालो, "बोचते."

"बाबा, सिल्व्हरटिप कसा बोचंल?"

"मले बोचते ना! गाल माझे आहेत का तुझे?" मी उगीचच भडकलो. "तू कोणता वापरतो, सांग बरं!" इतक्या रविवारांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

 

"मी दाढी करतच नाही, बाबा," तो म्हणाला. "आई गेली तेव्हापासून केली नाही. दहाव्याले तिथं नव्हतो, मग इथं आपल्याच हातानं कशी करू? राहूनच गेली."

"मग हे ब्रशचं सगळं?"

"वाचून सांगत होतो. तुमच्याशी काय बोलावं, सुचतच नव्हतं."

इतके दिवस जपलेला राग कुठं गेला, मला कळलं नाही. "ये बापा इकडं," मी म्हणालो. "मी करून देतो तुझी दाढी. सिल्व्हरटिपनं."

त्यानं नाक ओढलं.

"पण तो तर बोचते ना, बाबा?"

"नाही बोचत, बेटा. तू फोन करणं बंद करशील म्हणून म्हणलो."